हवा गार करणे आणि हवा सुकवणे

1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्यापुढे एक अडचण होती. हवा दमट झाली की कागद फुगायचा, कोरडी झाली की आकसायचा. रंगीत छपाईत तोच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा जातो. तो केसभर जरी ताणला तरी रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणे, जमत नाही. हा प्रश्न विलिस कॅरियर या पंचविशीतल्या अभियंत्याकडे आला. त्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन आर्द्रता 55 टक्क्यांवर राखण्याची योजना आखली. म्हणजे आपला एसी जन्मला तो कागदासाठी.

पुढे गारवाच मुख्य झाला. आज पावसाळ्यात ग्रंथालयात ओल जाणवली की एसीचे तापमान आणखी उतरवतात. हे घातक आहे. 30 अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना जेमतेम 17. त्यामुळे 30 अंशांची, 60 टक्के आर्द्रतेची हवा पाणी न काढता 24 अंशांवर आणली, तर आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास जाते. सत्तरीपुढे बुरशीला रान मोकळे! एसी थोडे पाणी काढतो, हे खरे. पण हवे ते तापमान आले की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो आणि कॉइलवरचे पाणी पुन्हा हवेत मिसळते.

यावर उपाय म्हणजे हवा सुकवणारा डीह्युमिडिफायर. तो हवा आधी दवबिंदूहून थंड कॉइलवर नेतो. पाणी तळाच्या तबकात गळते. मग तीच हवा गरम कॉइलवरून जाते आणि खोलीत परतते ती कोरडी, किंचित उबदार होऊन. एक लिटर वाफेचे पाणी होताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता सुटते, तीही खोलीतच राहते.

फसफसणाऱ्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे आर्द्रता 25 टक्क्यांखाली हवी, नाहीतर गोळ्या सादळतात. इतके कोरडे करायला गेले तर कॉइलवर बर्फ धरतो. म्हणून तिथे सिलिका जेलचे, पोळ्यासारख्या छिद्रांचे चाक वापरतात. ते तासाला काही फेरे एवढ्या संथपणे फिरते. बहुतेक भागातून कारखान्याची हवा जाते आणि ओलावा चाकात शोषला जातो. उरलेल्या भागातून शंभर अंशांहून गरम हवा सोडून तो ओलावा इमारतीबाहेर टाकतात. विजेचा खर्च या गरम हवेतच आहे.

संस्थाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: यंत्र घेण्याआधी खोलीत आर्द्रतामापक लावा, पावसाळाभर नोंदी ठेवा, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवा. कॅटलॉगमधला ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेचा असतो. तुमच्या खोलीत यंत्र किती पाणी काढेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.