मुंबईची हवा कोणाला मानवते?



चालकांनी आम्हाला विषय दिला तो 'शहराची हवा आणि शहराविषयीचा जिव्हाळा' असा. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. वाचले ते युनियनच्या कचेरीत, पत्रके वाटून झाल्यावर उरलेल्या वेळात. तेव्हा हवामानशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. पण तीस वर्षे मुंबईच्या कामगार वस्तीत हिंडलो आहोत, आणि कोणाचा घाम कुठे निथळतो एवढे आम्ही पाहिले आहे.

आपण घाटावरची मंडळी मुंबईहून परतलात की पहिले वाक्य उच्चारता, "हवा काही मानवली नाही बुवा." अंग चिकचिकते, कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, मिठाला पाणी सुटते. हे सारे खरे आहे. परंतु आपल्या मराठीतला हा 'मानवणे' शब्द मोठा मजेचा आहे. अन्न मानवते, औषध मानवते, तशी हवाही मानवते. आणि न मानवली तर दोष कोणाचा? हवेचा नव्हे. ज्याला मानवली नाही त्याच्याच प्रकृतीत काही खोट असावी, असा त्या शब्दाचा रोख असतो. आज आम्हाला जे सांगायचे आहे ते या शब्दाविषयीच आहे.

आधी हवेचे पाहू. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले कमाल तापमान ४२.२ अंश, तेही १४ एप्रिल १९५२ या एका दिवसाचे. आणि किमान ७.४ अंश, जानेवारी १९६२चे. नागपूरकर यातल्या पहिल्या आकड्याला हसेल. पण पारा अर्धीच हकिगत सांगतो. घाम सुकतो तेव्हा अंग निवते. हवेतच जेथे बाष्प भरलेले, तेथे घाम सुकणार कसा? म्हणून तेहतीस अंशांत मुंबईकर जसा शिजतो तसा विदर्भातला माणूस कोरड्या चाळिसातही शिजत नसेल.

यावर मुंबईला एक उतारा निसर्गाने दिलेला आहे. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते, आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत येते. शाळेच्या भूगोलात यांना खारे वारे म्हणतात; रात्री उलट वाहतात ते मतलई. हा वारा वेळेवर सुटला की शहर निभावून नेते. पूर्वेचा जमिनीवरचा वारा कधी कधी त्याला अडवून धरतो, मार्चमध्ये हे पुष्कळदा होते, आणि त्या दिवशी पारा चढलाच म्हणून समजावे.

आता गंमत अशी, की ज्या दमट हवेला आपण नाके मुरडतो तीच कापसाच्या सुताला मानवली. १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी निघाली, १८५६ साली ताडदेवला गिरणी चालू झाली. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होते आणि तुटते. ओलसर हवेत ते चिवट राहते. बंदर होते, भांडवल होते, कोकणातून व घाटावरून येणारी माणसे होती, आणि हवाही धंद्याच्या बाजूची होती. पण तेवढ्या बाष्पाने मालकाचे भागले नाही. साचाखात्यात वरून पाण्याचे तुषार सोडीत आणि खिडक्या बंद ठेवीत. बाहेरचा वारा आत आला तर सूत तुटेल, ही भीती. सुताला मानवेल अशी हवा आत तयार केली, आणि माणसाने त्या हवेत आठ तास उभे राहायचे! त्यात कापसाची धूळ. तिने छाती भरे, आणि सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की दम अधिक लागे. वैद्यकाच्या पुस्तकांत या दुखण्याला नाव आहे. चाळीत त्याला 'हवा बाधली' एवढेच म्हणत.

आमचे वडील साचेवाले होते. त्यांनी तिन्ही पाळ्या केल्या. दुपारचा वारा त्यांच्या कधी झोपेत गेला, कधी साच्यापुढे गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. त्या उन्हाळ्यात एके दिवशी वडील चारच्या सुमारास गॅलरीत बसले होते. पश्चिमेकडून वारा सुटला, दोरीवरची लुगडी फडफडू लागली. ते आईला म्हणाले, "अगं, एवढा वारा येतो होय आपल्या चाळीत?" आई काही बोलली नाही. घरात तांदूळ संपत आले होते. जुलैत आम्हा सगळ्यांना गावी धाडण्यात आले, आणि वडील मात्र खोली सांभाळायला मागे राहिले.

त्या चाळीत एका खोलीत नऊ माणसे होतो, आणि तरीही मुंबईविषयी जी माया आमच्या मनात आहे ती तेथलीच आहे. याचे कारण आम्ही पुष्कळ वेळा शोधले. आम्हाला वाटते, शहराच्या हवेतला जो चांगला भाग, तो तेव्हा सामाईक होता. गॅलरी सामाईक, गच्ची सामाईक, उन्हाळ्यात वळकट्या घेऊन पुरुषमंडळी फुटपाथवर निजत तो फुटपाथही सामाईक. चौपाटीला तिकीट नव्हते. मृगाचा पहिला पाऊस आला की सगळी चाळ गॅलरीत उभी राही, आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी तळमजल्यावरच्या पोरांना भिजू नका म्हणून ओरडे. बायकांच्या वाट्याला यातले कमी येई, हेही सांगितले पाहिजे. पुरुष वाऱ्यावर निजत तेव्हा त्या आत, चुलीच्या उबेत निजत. आईला मुंबई आवडत होती का, हे आम्ही तिला कधी विचारले नाही.

एके काळी वारा वस्तीत यावा म्हणून मुंबईत रस्ते पाडले गेले, हे किती जणांना ठाऊक असेल? १८९६ साली प्लेग आला. गजबजलेल्या वस्त्यांत हवा खेळत नाही म्हणून रोग फैलावतो, असा त्या वेळचा समज. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि समुद्राची हवा गावाच्या पोटात शिरावी म्हणून पश्चिमेकडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढण्यात आले. प्लेग हवेने नव्हे, उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, हे पुढे सिद्ध झाले. रस्त्यांसाठी घरे पाडली ती बहुतेक गरिबांची, आणि पाडली तेवढी पुन्हा बांधली नाहीत. तरी वारा ही सरकारने पुरवायची वस्तू आहे, एवढे तेव्हा मान्य होते. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींचे तीन वाटे करायचे ठरले होते, १९९१च्या नियमावलीत: एक पालिकेच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम फिरवला, आणि वाटणी फक्त मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीची उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्या जागी आज उभे मनोरे आहेत. आमच्या जुन्या गॅलरीत चार वाजता आता काय येते ते सांगायला नको.

वर्तमानपत्रे 'मुंबईचा पाऊस' असा एकवचनी शब्द लिहितात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. दोन्ही वेधशाळा मुंबईतच, लोकलने फार तर तासाभराच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत कामावर निघालेल्या माणसांचे कौतुक झाले. आम्हीही त्यांत होतो. आम्हाला खाडा परवडणारा नव्हता, एवढेच.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो आणि आटोपते घेतो.

२००९ साली पूर्व उपनगरातल्या एका औद्योगिक वसाहतीत आम्ही युनियन बांधली. प्लॅस्टिकची झाकणे पाडण्याचे काम, चाळीस माणसे, डोक्यावर पत्रा, आणि खिडकी एकही नाही. मागणीपत्र करायला बसलो. पगारवाढ, बोनस, रजा. सगळ्यांत वयस्कर होते एक संगमेश्वराकडचे मामा. ते म्हणाले, "पुढारी, आधी खिडकी मागा." सगळे हसले, आम्हीही हसलो. खिडकी शेवटच्या कलमात टाकली. बोलणी ताणली गेली तेव्हा मालकाला काहीतरी सोडायचे म्हणून आम्ही तेच कलम सोडले आणि पगारात दीडशे रुपये जास्त पदरात पाडून घेतले. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याचे तेरावे कलम खेळत्या हवेबद्दलच होते. म्हणजे जी गोष्ट कायद्याने मिळायची ती आम्ही सौद्यात विकली. आम्ही ते कलम वाचले नव्हते.

पुढच्या मे महिन्यात मामा मशीनपुढे दोनदा घेरी येऊन पडले. तिसऱ्या वेळेची वाट न पाहता त्यांनी हिशेब मागितला. त्यांचा राजीनामा आमच्याच हातून लिहिला गेला. त्यांनी सांगितले तसे आम्ही लिहिले: 'मुंबईची हवा मानवत नसल्यामुळे.' एकतीस वर्षे त्यांना ती मानवली होती. सही झाल्यावर आम्हाला ते वाक्य खुपले, पण कागद तोवर मालकाच्या हातात गेला होता.

पुढच्या कराराच्या वेळी पहिले कलम खिडकीचे होते. ते मंजूर झाले. आम्ही कराराची प्रत मामांना गावी पाठवली. त्यांचा फोन आला. आंब्यांचे, पावसाचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "खिडकी पश्चिमेला काढली ना?"

पश्चिमेला शेजारच्या कारखान्याची भिंत आहे. खिडकी पूर्वेला निघाली. हे त्यांना कळवायचे आमच्याकडून अजून राहिले आहे.