रंगाची काटकसर

रांगोळी घालणारी गृहिणी पांढऱ्या रेघा जपून ओढते आणि मधल्या जागेंत रंग सैल हातानें भुरभुरविते. रंग रेघेच्या थोडा अलीकडे राहिला किंवा पलीकडे गेला, तरी चार हातांवरून पाहणाराला तें जाणवत नाहीं. आकृति रेघेनें ठरते; रंग तिच्या आश्रयानें राहतो. मनुष्याच्या दृष्टीचा हा स्वभावच आहे. उजेड व अंधार यांतील बारीक भेद डोळा चटकन् टिपतो. केवळ रंगांतील भेद त्याला तितक्या बारकाईनें दिसत नाहीं. संगणकावर साठविलेल्या असंख्य छायाचित्रांची काटकसर डोळ्याच्या या एका उणिवेवर उभी आहे.

ही युक्ति घरगुती संगणकाहून जुनी आहे. १९३८ सालीं जॉर्ज वालेन्सी या फ्रेंच अभियंत्यानें दूरचित्रवाणीसाठीं उजेडाचा संदेश निराळा व रंगाचा निराळा पाठविण्याची पद्धति मांडली. हेतु असा कीं, कृष्णधवल यंत्र बाळगणाऱ्यानें पहिला तेवढा घ्यावा आणि रंगीत यंत्र असणाऱ्यानें दोन्ही. अमेरिकेनें १९५३ च्या डिसेंबरांत मान्य केलेल्या रंगीत पद्धतींतहि हीच विभागणी होती, व रंगाला उजेडाहून पुष्कळ अरुंद वाट दिली होती. पुढें १९९२ मध्यें स्थिर चित्रांसाठीं जेपेग हें प्रमाण ठरलें, त्यांतहि या काटकसरीची सोय ठेवण्यांत आली.

हिशेब साधा आहे. चित्राचा प्रत्येक बिंदु तांबडा, हिरवा व निळा अशा तीन आंकड्यांनीं सांगितला जातो. त्यांवरून प्रथम उजेडाचा आंकडा काढतात. त्यांत हिरव्याचा वाटा सुमारें ५९ टक्के, तांबड्याचा ३० व निळ्याचा ११. उरलेले दोन आंकडे रंगाचे. मग शेजारच्या चार बिंदूंचे उजेडाचे चारी आंकडे ठेवावयाचे, रंगाची मात्र चौघांत मिळून एकच जोडी. बाराऐवजीं सहा आंकडे पुरतात. ४००० बिंदु रुंद व ३००० बिंदु उंच अशा चित्राला ३ कोटि ६० लक्ष आंकडे लागावयाचे, तेथें १ कोटि ८० लक्षांत भागतें.

खरी कसोटी असें चित्र पुन्हां उघडतांना लागते. एका जोडीपासून चार बिंदूंचे रंग निर्माण करणें सॉफ्टवेअरला भाग असतें. तीच जोडी चौघांना जशीच्या तशी वांटली तर रंगाच्या कडेला पायऱ्या दिसतात. शेजारच्या जोड्यांचा अंश मिसळला तर कड मऊ होते. शिवाय ती जोडी नेमकी कोठली समजावयाची? जेपेग फाईलींत ती सामान्यतः चार बिंदूंच्या मध्यावर मानतात. चलच्चित्रांच्या एमपेग-२ या पद्धतींत ती डाव्या उभ्या ओळीशीं जुळविलेली असते. हा भेद सॉफ्टवेअरनें ओळखला नाहीं तर सगळा रंग अर्ध्या बिंदूनें सरकतो.

दुसऱ्या एका प्रकारांत आडव्या दोन बिंदूंना मिळून एक जोडी असते. असें चित्र पुन्हां न दाबतां काटकोनांत फिरविलें कीं आडवे सोबती उभे होतात. हा उभा प्रकार क्वचित् आढळतो. म्हणून ज्या सॉफ्टवेअरनें त्याची तरतूद केलेली नाहीं तें निर्दोष फाईलहि उघडूं शकत नाहीं.

घरच्या समारंभाच्या छायाचित्रांत हें नुकसान सहसा दिसत नाहीं. जुन्या पोथ्यांची गोष्ट वेगळी. त्यांत दंड व अध्यायाच्या समाप्तीचीं वाक्यें पुष्कळदां हिंगुळाच्या तांबड्या शाईनें लिहिलेलीं असतात. चित्रांत असा दंड जेमतेम एक-दोन बिंदु रुंद असला, तर रेघ शाबूत राहते. परंतु तिचा तांबडेपणा आजूबाजूच्या कागदांत विरतो आणि ती मळकट तपकिरी भासूं लागते. लेखकानें जाणूनबुजून केलेली खूण कोणती, हें अभ्यासकाला त्या चित्रावरून मग सांगतां येत नाहीं. मूळ पोथी जीर्ण होऊन नष्ट झाली, तर तपासून पाहण्यास दुसरें साधनहि उरत नाहीं.

गेलेला रंग कोणतेंहि सॉफ्टवेअर परत आणीत नाहीं. तें फक्त अदमास करतें. चित्राची कड एका बिंदूनें कातरून तें पुन्हां तसेंच साठविलें, तर चौकड्या बदलतात आणि आधींच सरासरी झालेल्या रंगाची आणखी एकदां सरासरी होते. म्हणून पोथ्या, नकाशे व रंगीत अक्षरांचे कागद यांची मूळ प्रत रंगाची काटकसर न करतां ठेवावी. ज्या सॉफ्टवेअरांत ही निवड मिळते, तेथें ती ४:४:४ या खुणेनें दाखविलेली असते; काटकसरीच्या प्रकाराची खूण ४:२:० अशी असते. पाठवावयाची लहान प्रत हवी तर त्या मूळ प्रतीवरून दर वेळीं नवी करावी.