गाडीच्या खोलीतील अडगळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेत केलेले भाषण)



आज मला दिलेला विषय स्वयंपाकघराचा नव्हे आणि दिवाणखान्याचाही नव्हे. त्या दोन जागा आपण रोज झाडतो, पुसतो आणि पाहुण्यांना दाखवितो. मला बोलावयाचे आहे ते गॅरेजविषयी, म्हणजे मोटारीसाठी बांधलेल्या आणि मोटारीखेरीज सर्व काही असलेल्या खोलीविषयी. संध्याकाळी आपल्या वसाहतीतून एक फेरी मारावी. गाड्या उन्हापावसात फाटकाबाहेर उभ्या, आणि मोडकी सायकल, गळके पिंप, रंगाचे अर्धे डबे मात्र पक्क्या छपराखाली! ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्या भगिनींनी हसू नये; त्यांच्या घरी हीच मंडळी माळ्यावर बसलेली असतात.

अडगळ दिसावयास वाईट, एवढाच तिचा दोष असता तर दार लावून घेतले की काम भागले असते. परंतु बंद दारामागेही ती अपाय करीत असते. प्रथम डासांचे घ्या. डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. दाराशी पडलेला जुना टायर, फुटकी कुंडी, बिनझाकणाचे पिंप यांत पावसाचे थोडे पाणी साचले की आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार! त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. भांडे घासून पालथे घातले पाहिजे आणि टायर घरातून काढलाच पाहिजे.

दुसरा धोका विषारी आणि पेट घेणाऱ्या वस्तूंचा. फिनेल, ॲसिड किंवा टर्पेंटाइन सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवणे अत्यंत घातक आहे. लहान मूल बाटली ओळखते, आत काय आहे ते ओळखत नाही. या वस्तू मूळ बाटलीतच, कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. स्वयंपाकाच्या गॅसचा जादा सिलिंडर तर बंद गॅरेजमध्ये मुळीच ठेवू नये. हा गॅस हवेहून जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचून राहतो, आणि एक ठिणगी पुरेशी होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सारी खोली एकाच दिवशी अंगणात काढू नये. संध्याकाळपर्यंत पाठ मोडते आणि सामान होते तसे आत जाते. एका दिवशी एकच भिंत घ्यावी. वस्तूंचे तीन ढीग करावेत : ठेवावयाच्या, कुणाला द्यावयाच्या आणि भंगाराच्या. जुने कपडे बोहारणीला, रद्दी व पत्रा भंगारवाल्याला. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र विक्रेत्याकडेच परत द्यावी. तिच्यात शिसे आणि ॲसिड असते, आणि नवी घेताना जुनीची काही किंमत वजा होते.

ठेवावयाच्या वस्तूंसाठी भोके पाडलेल्या लोखंडी अँगलची, नटबोल्टाने जोडावयाची मांडणी सर्वांत सोयीची. तिच्या फळ्या गरजेप्रमाणे वरखाली करता येतात. मात्र ती भिंतीला पक्की जखडावी, नाहीतर एखादे मूल वर चढू लागले की सारी मांडणी अंगावर यावयाची. जड वस्तू खाली, नेहमी लागणाऱ्या कमरेपासून खांद्यापर्यंत आणि हलक्या वर. आपल्या वयाच्या बायकांनी स्टुलावर चढून जड ट्रंक उतरवावी, अशी मांडणी करूच नये. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान वीतभर उंच असावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कित्येक तळमजल्यांवर जमिनीला टेकलेले सामान पाण्यात गेले. एवढा पाऊस रोज पडत नाही. पण गॅरेजच्या दाराखालून पाणी दरवर्षी येते. पुठ्ठ्याची खोकी वापरू नयेत. ती उंदरांना घर आणि वाळवीला अन्न होतात. त्यापेक्षा तेलाचे रिकामे चौकोनी डबे धुऊन, वाळवून, झाकण बसवून घ्यावेत. ज्या भिंतीवर पावसाचा मारा असतो तिला कागद आणि कपडे टेकवून ठेवू नयेत.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. अडगळीत दुसऱ्यांची मने गुंतलेली असतात. सासऱ्यांची हत्यारांची पेटी, परदेशी गेलेल्या मुलाची बॅट, या वस्तू त्या त्या माणसाला विचारल्यावाचून भंगारात घालू नयेत. गेलेल्या माणसांच्या वस्तूंसाठी एक ट्रंक ठेवावी. त्या ट्रंकेत मावेल तेवढे ठेवावे, आणि काय ठेवावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावे. घाईने टाकलेली वस्तू परत मिळत नाही, आणि तिच्यावरून धरलेला अबोला फार दिवस टिकतो.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि कोणत्या फळीवर काय आहे त्याची यादी दाराच्या आतल्या बाजूस लावावी. आज घरात पान्हा सापडेना की हाक आपल्याला, दोरी हवी की हाक आपल्याला! आपण आजारी पडलो किंवा चार दिवस माहेरी गेलो की घराचे हातपाय गळतात. जी व्यवस्था एकट्या गृहिणीच्या डोक्यात असते ती व्यवस्था नव्हे, ते तिच्या डोक्यावरील ओझे होय. यादी लागली की मुलाने पंप स्वतः काढावा, वापरावा आणि जागेवर ठेवावा. पतिराजांनाही हा नियम लागू!

वर्षातून दोनदा ही खोली उघडून पाहावी : एकदा मृगाच्या आधी आणि एकदा खंडेनवमीला. त्या दिवशी आपण हत्यारे आणि वाहने पुसून त्यांची पूजा करतोच. यंदा गाडीची पूजा तिच्या स्वतःच्या खोलीत व्हावी, एवढीच इच्छा व्यक्त करते.