गोधडीतील रंगांची बैठक
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



गोधडी या विषयावर बोलावयाचे असे ठरले, तेव्हा यात सांगण्यासारखे काय आहे, असे काही जणींना वाटले असेल. चिंध्या जमवाव्या, धावदोरा घालावा, की झाली गोधडी! शिवण तर आपणां सर्वांनाच येते. म्हणून टाक्यांविषयी मी बोलणार नाही. एकाच गाठोड्यातील चिंध्यांच्या दोन गोधड्या होतात. एक पाहून डोळा निवतो, दुसरी नुसती अंगावर येते. असे का होते, एवढेच आज पाहू.

आपल्या भागाला गोधडी नवी नाही. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली निराळा झाला. पण इरईकाठी काय आणि वैनगंगेपलीकडे काय, थंडी तीच आणि पांघरूण तेच. खाली धानाची तणस, वर गोधडी, अशा किती रात्री आपल्या वडीलधाऱ्यांनी काढल्या! दिवाळीनंतर झाडीपट्टीतील नाटके सुरू झाली, की रात्रभर बसावयाचे म्हणून माणसे पांघरूण बरोबर घेऊनच निघतात.

आता पहिली गोष्ट. आपण चिंध्या निवडताना लाल, हिरवी, पिवळी अशी रंगांची नावे घेतो. त्याआधी उजळ कोणती आणि गडद कोणती, हे पाहावे. उजळ, मध्यम आणि गडद असे तीन ढीग करावे. तुकडे जमिनीवर मांडून, डोळे किलकिले करून चार हात दुरून पाहावे. दिवेलागणीच्या वेळी पाहिले तर अधिकच चांगले. कारण त्या उजेडात रंग मावळतात आणि उजळ-गडद तेवढे उरते. सगळे गडद एका कोपऱ्यात गोळा झाले असेल तर ते तेव्हाच कळते. शिवल्यावर कळून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट आपले रान शिकवते. फाल्गुनात पळस फुलतो, तो कोसभरावरून दिसतो. का बरे? त्याच्या अंगावर पान नसते आणि भोवतालचे रान करडे, वाळलेले असते. तोच पळस गुलमोहरांच्या रांगेत उभा केला तर कोण त्याच्याकडे पाहील? भडक लाल, केशरी, राणी हे रंग असेच वापरावे. थोडे घ्यावे, तीन-चार ठिकाणी विखरावे आणि भोवती शांत रंग ठेवावे. गोधडीभर एकच रंग मधूनमधून आला, म्हणजे नजर त्याच्या आधाराने फिरते आणि परक्या चिंध्याही एका घरच्या वाटू लागतात.

शेजाराचा हा गुण शास्त्रानेही मानला आहे. पॅरिस शहरात गोबलँ नावाचा चित्रे विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तेथील रंगखात्यावर शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. काळा दोरा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले, तो दोऱ्यात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे काळा फिका भासत होता. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथच लिहिला. तेव्हा एखादा तुकडा वाईट दिसला तर तो फेकू नये. आधी त्याचा शेजार बदलून पाहावा.

छापांचेही तसेच आहे. मोठ्या फुलांच्या दोन चिटांना जवळजवळ बसवू नये. दोघी एकदम बोलू लागतात. मध्ये साधा तुकडा किंवा बारीक बुट्टी घालावी. शर्टाची चौकडी आणि पायजम्याचे पट्टे सरळ लावावे, नाहीतर सगळी गोधडी तिरकी वाटते. लुगड्याचे काठ फाडून वाया घालवू नयेत. चहूबाजूंनी लावले, की आतला गोंधळ आवरला जातो.

तुकडे घेताना दोन गोष्टी जपाव्या. नवे लाल, निळे कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. रंग सुटला तर ते आधी निराळे धुवावे. आणि हल्लीच्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या कितीही मोहक असल्या तरी गोधडीत नकोत. त्या घाम टिपत नाहीत, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. सुती ते सुतीच.

आता शेवटचे, पण माझ्या मते महत्त्वाचे. मागील बैठकीत एका बाईंनी हळूच विचारले, "आमच्या सासूबाईंचे पांढरे पातळ आहे. नातवाच्या दुपट्यात घालू की नको? घरात नको म्हणतात." नको म्हणणाऱ्यांच्या मनात काय आहे, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. मी एवढेच विचारते, आजोबांचे पांढरे धोतर आपण बिनदिक्कत दुपट्याच्या अस्तराला लावतो. त्याच बाजारातले, तसेच धुतलेले आजीचे पातळ तेवढे अशुभ कसे? कापडाला वैधव्य नसते, भगिनींनो. ते आपण त्याला देतो, आणि ज्या बाईने तेच नातू मांडीवर वाढवले, तिलाही देतो. रंगांच्या दृष्टीने पाहाल तरी पांढऱ्यावाचून गोधडीला विसावा नाही. लाल उठून दिसतो तो पांढऱ्यामुळे. त्या बाईंनी ते पातळ घालावे, आणि आत दडवू नये. वरच्या बाजूस, मधोमध लावावे.

मंडळाने यंदा सर्वांची मिळून एक गोधडी करावी, अशी माझी सूचना आहे. प्रत्येकीने घरातून एक सुती तुकडा आणावा. नवे कापड विकत आणून रंग जुळवू नयेत; जे आहे त्याचीच बैठक जमवण्यात खरी कसोटी आहे. ज्यांच्या घरी पांढरे असेल त्यांनी पांढरे आणावे, संकोच करू नये.