नोंदींचा पत्ता



बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. ग्रंथालयाची दाखल नोंदवही कुठे आहे, हे कपाटाकडे बोट करून सांगता येते. आता आपल्या ग्रंथसूची, बोलीतले शब्द, ओव्या संगणकात जातात. त्या कुठे ठेवल्या आहेत, असे मी विचारतो तेव्हा बोट पडद्यावरच्या चिन्हाकडे जाते. ते चिन्ह म्हणजे नुसते दार.

निपाणीकरांना हे सहज कळेल. निपाणीचे म्हणून आपण ओळखतो ते देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात आहे. ओळख एका गावाची, पत्ता दुसरा. संगणकातही तसेच घडते.

ग्रंथालयांसाठीची मोफत ‘कोहा’ प्रणाली आपल्या नोंदी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरकडे सोपवते. शब्दसंग्रहाच्या पुष्कळ प्रणालीही हेच करतात. विंडोजवर मायएसक्यूएल स्वतः ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसते, नोंदी मात्र बहुधा ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरात असतात, आणि तो एरवी लपवलेला असतो. संगणक बदलताना दिसणारा फोल्डर तेवढा उचलला आणि जुनी डिस्क पुसली, की नोंदी गेल्या. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या आजींनी सांगितलेला शब्द मग कुणाला विचारायचा?

म्हणून अंदाज करू नका, सर्व्हरलाच विचारा. मायएसक्यूएलच्या खिडकीत ‘शो व्हेरिएबल्स लाइक’ लिहून पुढे अवतरणात ‘डेटाडिर’ लिहिले, की तो पूर्ण पत्ता सांगतो. लिनक्सवर तो बहुधा ‘व्हार’, त्यात ‘लिब’, त्यात ‘मायएसक्यूएल’ असा असतो. पण बसवणाऱ्याने जागा बदललेली असू शकते. म्हणून विचारलेलेच खरे. पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर व्यवस्थापकाच्या खात्यातून ‘शो डेटा_डिरेक्टरी’ असे विचारावे.

पत्ता मिळाला म्हणून चालू सर्व्हरच्या फाइली उचलू नका. त्या क्षणी काही मजकूर स्मृतीत, काही डिस्कवर असतो; अर्धवट प्रत हाती येते. शिवाय एकाच संग्रहाचा फोल्डर पुरत नाही, कारण त्याला लागणारी काही माहिती बाहेरच्या सामाईक फाइलींत असते. त्यापेक्षा ‘मायएसक्यूएलडम्प’ने प्रत काढा. ती साध्या मजकुराची फाइल असते. उघडली की आपली मराठी अक्षरे डोळ्यांनी वाचता येतात. ती प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा भरून पाहा, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच: आपल्या संस्थेच्या दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानावर सर्व्हरचे नाव, डिस्कवरचा पत्ता आणि शेवटची प्रत काढल्याची तारीख शाईने लिहा. संगणक बसवणारा माणूस उद्या पुण्याला किंवा बेंगळुरूला जाईल. वही इथेच राहील.