पदवीच्या कागदापलीकडे
(आर्नहेम, नेदरलँड्स येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या पिढीत कॉलेजात जायचे ते एका हेतूने: पदवी घ्यावी आणि रेल्वेत, पोस्टात नाहीतर सरकारी कचेरीत चिकटावे. त्यात कमीपणा नव्हता. त्याच पगारावर आपली घरे उभी राहिली. पण इथे नातीचे शिक्षण पाहताना मला वेगळाच धडा मिळाला.

आर्नहेमच्या हान विद्यापीठात पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, २४० श्रेयांकांचा असतो. एक श्रेयांक म्हणजे २८ तासांचे काम. एकूण ६,७२० तास. त्यात व्याख्याने, घरचा अभ्यास, गटाने करायची कामे आणि प्रत्यक्ष नोकरीच्या जागी उमेदवारी, सारे धरतात. एवढ्या तासांत मुलांच्या अंगी काय यावे?

पहिल्याच वर्षी नातीने पाठ केलेले उत्तर घडाघडा म्हणून दाखवले. शिक्षकांनी विचारले, "हे खरे कशावरून?" पोर गप्प. घरी येऊन रडली. मी म्हणालो, "उत्तर बरोबर होते ना? मग झाले!" ती म्हणाली, "आजोबा, बरोबर होते, पण माझे नव्हते." मला बोलता येईना. मीही जन्मभर असलीच उत्तरे देत आलो होतो.

म्हणून मला वाटते, पहिली गोष्ट ही, की ऐकलेले पारखून घेता यावे. दुसरी, आपले म्हणणे नीट मांडता यावे आणि दुसऱ्याचे पटले तर आपले मत बदलण्याची लाज वाटू नये. तिसरी, मिळालेली विद्या चार लोकांच्या उपयोगी पडावी.

या तिसऱ्या गोष्टीसाठी दूर जायला नको. आपल्या रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या, पुढे इंग्लंडात शिकल्या. परत येऊन १९२२ ते १९५० अशी २८ वर्षे त्यांनी मुंबईत आपल्या इस्रायली शाळेचे, म्हणजेच पुढच्या सर एली कदूरी शाळेचे, मुख्याध्यापकपद सांभाळले. त्यांच्या हाताखाली शिकलेले आपल्यात कोणी ना कोणी असेलच.

तेव्हा मंडळी, नातवंडांना मार्क विचारा, पण तिथेच थांबू नका. म्हणा, "काय शिकलास ते मला समजावून सांग." आपल्याला समजले, तर ते त्याचे झाले असे समजा.