शिकाऊ हात आणि गरिबांची शरीरे



शस्त्रक्रियेची विद्या हाताने शिकावी लागते, आणि तो हात आजवर बहुधा सार्वजनिक रुग्णालयातील गरिबाच्या शरीरावरच बसत आला आहे. पैसे मोजणाऱ्याला तयार हात लाभतो. त्या हाताच्या पहिल्या चुका कोणी सोसल्या, हे कोणत्याही ताळेबंदात नोंदले जात नाही. ‘आभासी वास्तव’ या नव्या तंत्राकडे प्रथम या दृष्टीने पाहिले पाहिजे.

डोळ्यांवर यंत्र चढवून शिकाऊ शल्यविशारद संगणकाने उभ्या केलेल्या देहावर तीच क्रिया पुनःपुन्हा करतो. तेथे चुकले तरी कोणाचे रक्त सांडत नाही. येल विद्यापीठातील १६ शिकाऊ डॉक्टरांवरील प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. संगणकावर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले. इतरांच्या चुका सुमारे सहापट होत्या.

गरज केवढी आहे? लॅन्सेट आयोगाच्या २०१५ च्या अंदाजानुसार ५ अब्ज माणसांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. वर्षाला होणाऱ्या सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रियांपैकी अवघ्या ६ टक्के सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात. जगाची तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या मात्र तेथेच राहते.

झांबियात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे. त्यावरील शस्त्रक्रियेचा सराव स्वस्त आभासी संचावर करून घेण्याचा तेथील प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. तो स्वागतार्हच आहे. परंतु तांब्याने समृद्ध असा हा देश साधनहीन का, हेही विचारले पाहिजे. १९९७ पासून त्याच्या खाणी खाजगी हातांत गेल्या. नव्वदच्या दशकात आरोग्यसेवेवर शुल्क बसले. ग्रामीण भागात ते २००६ साली उठले.

यंत्राने हात तयार होईल. प्राणवायू, रक्त, वीज आणि भूलतज्ज्ञ त्यातून निर्माण होत नाहीत. शिवाय तयार झालेला शल्यविशारद परदेशी गेला, की गरीब देशाची गुंतवणूक श्रीमंत देशाच्या खात्यात जमा होते.

संगणकप्रणाली एकदा घडली, की तिच्या पुढच्या प्रतीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तरीही परवान्याची किंमत मोजावी लागते, ती मालकीहक्काची. म्हणून सार्वजनिक पैशातून घडलेली प्रणाली सर्व सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना विनामूल्य मिळाली पाहिजे. आणि अशा संचाचे उद्घाटन करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला जनतेने एवढेच विचारावे: शेजारच्या शस्त्रक्रियागृहात रात्री वीज असते काय?